शनिवारचं भुवनेश्वर आणि बारा फोन

विमान वर गेल्यावर पट्टे सोडायची परवानगी मिळाली, आणि शेजारच्या सीटवरच्या विहीणबाईंनी मला विचारलं, "तुम्हाला कितीला पडलं हो?"

गेल्या वर्षीची गोष्ट. जावईबापूंची बदली भुवनेश्वरला झाली, त्यांनी तिथं फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला आम्ही दोघी एकाच विमानानं निघालो होतो. मी सहा हजार सातशे असं सांगितलं. पिरंगुटच्या एजंटानं काढून दिलेलं तिकीट होतं, त्यानं मागितले तेवढे दिले होते. विहीणबाई थोडा वेळ खिडकीतून ढग बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मला चार हजार नऊशेला मिळालं. मी तीन-चार ठिकाणी बघते ना नेहमी."

तेच विमान, तीच रांग. खिडकी त्यांच्याकडे, आणि वर अठराशे रुपये कमी.

मी पुण्याजवळ लवळ्याला मेस चालवते. टेकडीवर कॉलेजांच्या इमारती उठत होत्या तेव्हा गवंड्यांना आणि सेंट्रिंगवाल्यांना पिठलं-भाकरी विकण्यापासून सुरुवात केली. डोक्यावर पत्रा होता, बाजूला काहीच नव्हतं. आता ऐंशी पोरंपोरी दोन वेळा जेवतात. एवढ्या वर्षांत सांगितल्या भावाला मी काहीही घेतलेलं नाही. कांदा, तूरडाळ, शेगडी, जागेचं भाडं, मुलीच्या लग्नाचा हॉल, बँडवाला. एकदा डॉक्टरांच्या फीमधून पन्नास रुपये कमी करून घेतले, तेव्हा मला एकशे दोन ताप होता. माझा आवाज चढतो हे खरं आहे. पण आवाज चढवून मी जेवढं वाचवलं तेवढं गोड बोलून वाचवलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

अशा बाईला कुणीतरी बसल्या जागी, हळू आवाजात हरवलं. परत आल्यावर एजंटाशी कडाक्याचं भांडले. त्यानं हात जोडले. तरी समाधान झालं नाही, कारण तो हरला तरी विहीणबाई जिंकलेल्याच राहत होत्या.

यंदा मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. मी खोलीला रंग देऊन ठेवला होता. सातव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मुलगी माहेरी येऊ शकत नसेल तर माहेरानं तिच्याकडे जावं, एवढा साधा हिशेब. विहीणबाईंना तो साधा वाटला नाही. त्या कोथरूडच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. फोनवर म्हणाल्या, "अहो, बाळंतपण तिच्या सासरच्या घरात होणार ना? मग ते मीच करायला हवं."

"घर सासरचं हाय, पोटदुखी माझ्या लेकीची हाय," मी म्हटलं.

जावईबापू आमच्या दोघींना चांगले ओळखतात. फ्लॅटमध्ये जादा खोली एकच आणि स्वयंपाकघरात दोन बायका उभ्या राहिल्या तर फ्रीज उघडत नाही. त्यांनी निकाल दिला: "जिचं तिकीट आधी निघेल, ती बाळंतपणाला. दुसरी बारशाला."

आम्ही दोघींनी लगेच हो म्हटलं. मुलीनं मला नंतर वेगळा फोन केला. "आई, तूच ये. त्या चांगल्या आहेत, पण त्यांच्यासमोर मला रडता येणार नाही."

आता कुठल्याही शहाण्या बाईनं त्याच मिनिटाला तिकीट काढलं असतं. मेसच्या पोरांची परीक्षा तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी संपत होती, म्हणून मला शनिवार हवा होता. विहीणबाईंच्या यजमानांच्या मोतीबिंदूची शेवटची तपासणी त्याच शुक्रवारी होती, म्हणून त्यांनाही शनिवारच हवा होता. डॉक्टरांनी दिलेली तारीख त्याच्या पुढच्या आठवड्यातली. शनिवारच्या थेट विमानाचं तिकीट त्या दिवशी पाच हजार दोनशे होतं.

मी काढलं नाही. पाच हजार दोनशे हे चार हजार नऊशेपेक्षा जास्त होतात.

विहीणबाईंनीही काढलं नाही. स्वतःच्याच गेल्या वर्षीच्या आकड्याच्या वर जायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. तीन आठवडे आम्ही रोज एकमेकींना फोन करून मुलीची तब्येत विचारत होतो आणि तिकिटाचं नाव काढत नव्हतो.

एजंटाकडे तर मी पुन्हा जाणार नव्हते. म्हणून मेसमधल्या पोरांना कामाला लावलं. ज्याला पोळीवर जादा तूप हवं, त्यानं मला एक ॲप शिकवायचं.

पहिलं ॲप एका लातूरच्या पोरानं माझ्या फोनवर घातलं. ते स्वतः काहीच विकत नाही. सगळ्या कंपन्यांचे आणि सगळ्या विकणाऱ्यांचे भाव एका यादीत लावतं आणि बोट दाबलं की त्या विकणाऱ्याच्या दारात नेऊन सोडतं. भाजी मार्केटच्या फाटकावर असा एक माणूस उभा असतो, कुठल्या गाळ्यावर कांदा स्वस्त ते सांगणारा. पण याच्या सांगण्यावरून गाळ्यावर पोचावं तर तिथं भाव दोनशेनं वर.

"ह्यो खोटं बोलतोय," मी म्हटलं.

"खोटं नाही मावशी, जुना भाव दाखवतोय. अपडेट व्हायला वेळ लागतो."

"मंग शिळं विकतोय म्हण की."

दुसरं ॲप नुसतं गोड. उघडलं की रंगीत कागद उडतात, आपलं नाव घेऊन नमस्कार करतं, भाव सगळ्यांत कमी. पैसे भरायच्या पानावर गेले तेव्हा कळलं की त्या भावात बॅगच नाही, फक्त हातातली पिशवी. माझ्याकडे डिंकाचे आणि अळिवाचे मिळून आठ किलो लाडू जायचे होते. बॅगेसकट घेतलं तर भाव वाढला. खाली विम्याच्या चौकोनात आधीच खूण केलेली. दहा रुपये कुठल्यातरी चांगल्या कामाला, तिथंही खूण. टोमॅटो तोलताना पारड्यावर अंगठा ठेवणारे मी खूप पाहिले आहेत, मी एकेक खूण पुसून काढली. तरी शेवटी साडेतीनशे रुपये राहिलेच.

"हे कशाचे?"

"कन्व्हिनियन्स फी मावशी. म्हणजे सोयीचे पैसे."

"कुणाच्या सोयीचे?"

त्यावर पोरगं जेवायला लागलं.

तिसरं मला मनापासून आवडलं. त्यात अख्ख्या महिन्याचं कॅलेंडर दिसतं, स्वस्त दिवस हिरवे, महाग दिवस लाल. मंगळवार-बुधवार हिरवेगार, शुक्रवारपासून मिरची लागल्यासारखे लाल. एवढं सरळ सांगणारा व्यापारी मी पाहिला नव्हता. फक्त माझ्या उपयोगाचं नव्हतं, कारण मला लालच दिवस हवा होता. चौथी खुद्द विमान कंपनीची साइट. तिथं ना रंगीत कागद ना नमस्कार. भाव मधलाच, पण बॅग धरून सांगितलेला आणि शेवटच्या पानापर्यंत फारसा न हललेला. आडमुठ्या दुकानदारासारखी, बोलत नाही, पण मापात मारत नाही.

तिसऱ्या ॲपमध्ये एक घंटीही होती. ती दाबली की भाव बदलल्यावर निरोप येतो. मी दाबली आणि फोन पालथा घालून कणीक मळायला घेतली. मुद्दाम. आपल्याला गरज आहे हे विकणाऱ्याला दिसता कामा नये. दुकानातून उठून चार पावलं चालायचं, मग मागून हाक येते, "ताई, या, काय द्यायचं ते द्या." तिसऱ्या दिवशी निरोप आला. आता पाच हजार नऊशे.

मी दुकानातून उठले म्हणून भाव वाढवणारा दुकानदार मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला. त्या दिवशी पोरांना आमटी तिखट लागली.

आजच्या भाजीचा फळा असतो आमच्याकडे, दारासमोरच. मी त्याच्या खालच्या अर्ध्या भागात भाव लिहायला लागले. "दुपार: दोडका, मसूर. भुवनेश्वर, शनिवार: पाच हजार नऊशे ऐंशी." पोरं आत येताना आधी खालचा भाग वाचायची. दोन वेळा पैजा लागल्या. आमचे हे उरवड्याच्या कारखान्यात पंपांचे भाग जोडतात, आयुष्यात कुणाशी भांडलेले नाहीत. संध्याकाळी येऊन फळा वाचून म्हणाले, "अगं, काढून टाक की. पाचशे-हजारानं काय हुतंय?"

"तुमी गप बसा. तुमी आजपोतर एक लिंबू तरी भाव करून आणलंय का?"

ते हातपाय धुवायला गेले. मुलीनं मात्र फोनवर ऐकवलं. "आई, तू तिकीट काढतीयेस का बाळ विकत घेतीयेस? डॉक्टर म्हणाले, तारखेच्या आधीही होऊ शकतं. मी सासूबाईंना बोलावून घेऊ का?"

तिनं ते चेष्टेत म्हटलं असं मी धरून चालले, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

बुधवार उजाडला. शनिवारचं तिकीट सहा हजार चारशे. आता मी माझा जुना डाव काढला. मेस नवी होती तेव्हा पिरंगुटच्या बाजारात मी हा डाव खेळायचे. कांद्याची गोणी मला हवी असली की आधी शेजारच्या तिघी बायकांना एकामागून एक पाठवायची. पहिलीनं भाव विचारून नाक मुरडायचं. दुसरीनं त्याहून कमी मागून निघून जायचं. तिसरीनं नुसतं हसायचं. तोवर व्यापाऱ्याचा धीर सुटलेला असायचा. चौथी जायची ती मी, दुसरीपेक्षा थोडा जास्त भाव घेऊन, आणि तो मला देवमाणूस समजायचा.

इथं माझ्याकडे तिघी नव्हत्या, बारा जण होते. दुपारी दीडला जे जेवायला बसले होते त्यांना मी उठू दिलं नाही. सगळ्यांनी शनिवारचं तेच विमान काढायचं, जो तो आपापल्या ॲपवर, आपापलं नाव घालून. पैसे भरायच्या पानापर्यंत जायचं, कारण खरा आकडा तिथंच कळतो. तिथं थांबायचं. भरायचं मात्र नाही.

"मग काय करायचं मावशी?"

"नाक मुरडायचं. बारा गिऱ्हाइकं दारातनं परत चालल्यात म्हनल्यावर त्याला बी कळंल."

"मावशी, पलीकडे कुणी माणूस नाही. ते सॉफ्टवेअर आहे."

"सॉफ्टवेअर कुणीतरी मानसानंच लिवलं असंल ना?"

मी खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिले. पहिला ओरडला, सहा हजार चारशे. दुसरी, तिसरा, तेच. मग पाचव्याचा आकडा आला सात हजार तीनशे. "नीट बघ." त्यानं नीट बघितलं, सात हजार तीनशेच. नवव्याला आठ हजार दोनशे. बाराव्याला, तो दिल्लीकडचा, नऊ हजार शंभर. "मावशी, ये तो उल्टा चढ रहा है," तो म्हणाला आणि भात कालवायला लागला.

माझा पारा चढला. मी विमान कंपनीला, फोनला, त्या लातूरच्या पोराला, सगळ्यांना बोलले. कोपऱ्यातल्या टेबलावर संख्याशास्त्र शिकणारी एक मुलगी बसायची, कधी आवाज न करणारी. माझं बोलणं संपेपर्यंत तिनं ताक संपवलं. मग म्हणाली, "मावशी, हे आपणच केलंय."

"काय केलं आमी?"

"स्वस्त भावाच्या सीट थोड्याच असतात. त्या संपल्या की पुढचा भाव लागतो. पैसे भरायच्या पानावर गेलं की ती सीट आपल्यासाठी काही मिनिटं अडवून ठेवतात. आपण बारा जणांनी बारा सीट अडवल्या. स्वस्तातल्या सगळ्या आपल्याच हातात आहेत."

म्हणजे मी पाठवलेली गिऱ्हाइकं नाक मुरडून निघाली नव्हती. बाराही जणांनी एकेक गोणी डोक्यावर घेतली होती आणि बाजारात कांदा संपला होता.

"आता?"

"सगळ्यांनी बंद करायचं. दहा-पंधरा मिनिटांत सीट सुटतील. मग बहुतेक भाव खाली येईल."

पोरांनी फोन बंद केले. आणि माझा वाजला. विहीणबाई.

"नमस्कार. तब्येत बरी ना?" आवाज हळूच होता, पण त्यात काहीतरी तुटलं होतं. "अहो, काय सांगू तुम्हाला. मी आत्ता तिकीट काढायलाच बसले होते. म्हटलं, सहा हजार चारशे तर चारशे, किती दिवस ताणायचं. कार्डाचा नंबर घालायला चष्मा आणायला उठले, परत येते तर नऊ हजार शंभर. दोन मिनिटांत. असं कधी होतं का?"

बारा पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. फोन स्पीकरवर होता. हात पिठाचे असोत की खडूचे, मी नेहमी स्पीकरवरच बोलते.

"व्हय का," मी म्हटलं. "लईच वाढलं की."

"मी मुळीच घेणार नाही त्या भावाला. तत्त्वाचा प्रश्न आहे. मी आता चहा टाकते, यांना औषध घालते आणि संध्याकाळी बघते. माझा अनुभव आहे, संध्याकाळी उतरतं."

"उतरतं की. तुमचा अनुभव दांडगा. निवांत च्या घ्या."

 फोन ठेवल्यावर दिल्लीवाला इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मी त्या मुलीला विचारलं, "किती मिनिटं म्हनलीस?"

आम्ही घड्याळ लावून बसलो. त्या वेळात मी विहीणबाईंना सांगू शकले असते. सांगायचं असतं तर वेळ भरपूर होता. फळा पुसला, ताटं उचलली, दुपारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. बारा मिनिटांनी आठ हजार दोनशे झालं. चौदाव्या मिनिटाला सात हजार तीनशे. सतराव्याला कंपनीच्या साइटवर, बॅगेसकट, सहा हजार चारशे.

माझं नाव, आधारकार्डावरचं वय, सगळं त्या मुलीनं भरून ठेवलं होतं. फक्त बोट दाबायचं होतं. आणि माझं बोट थांबलं. ही माझी खोड आहे, मी लपवत नाही. जो भाव सत्तावीसशेनं खाली येतो तो आणखी पंधराशेनं का येऊ नये? समोरचा उतरायला लागला की त्याला मध्येच पकडायचं नसतं, पार तळाला जाऊ द्यायचं असतं. चार हजार नऊशे मला डोळ्यांसमोर दिसत होते, खिडकी आणि ढगांसकट.

"मावशी," ती मुलगी म्हणाली, "चहा व्हायला किती वेळ लागतो?"

मी बोट दाबलं.

तिकिटाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला, खाली काही लिहिलं नाही. जावईबापूंचा अंगठा आला. लेकीनं फोन केला आणि नुसती रडली. मी तिला रडू दिलं. विहीणबाईंच्या दोन निळ्या खुणा दिसल्या. अर्ध्या तासानं त्यांनी लिहिलं, "अभिनंदन. कितीला?" मी लिहिलं, "नेहमीसारखंच." आकडा टाकला नाही.

शनिवारी मी गेले आणि त्यांचा तो संध्याकाळी भाव उतरण्याचा अनुभव काही कामाला आला नाही. बारशाचंही तिकीट उतरण्याची त्या वाट बघत राहिल्या, आणि ते शेवटी त्यांना आठ हजार सहाशेला पडलं. हे मला जावयांकडून कळलं, मी विचारलं नव्हतं. मंगळवारी पहाटे नात झाली. मुलगी माझा हात धरून जे काही ओरडली त्यात माझ्या स्वयंपाकालासुद्धा दोन शिव्या होत्या. सासूसमोर तिला ते जमलं नसतं.

बारशाच्या आदल्या दिवशी विहीणबाई आल्या. आल्या आल्या हातपाय धुतले, नातीची दृष्ट काढली, मी केलेली खीर वाखाणली. चांगल्या आहेत त्या, यात वाद नाही. दुपारी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो, नात माझ्या खांद्यावर. त्या एकदम म्हणाल्या, "त्या बुधवारचं मला अजून कोडं सुटलेलं नाही हो. दोन मिनिटांत सत्तावीसशे. एकदम इतक्या लोकांना भुवनेश्वरला कुठून जावंसं वाटलं?"

"शुक्रवारी परीक्षा संपत हुत्या ना. पोरं घरी जात्यात. गर्दी असंल."

"पुण्याहून भुवनेश्वरला? एवढी?" त्यांनी चष्मा पुसून माझ्याकडे बघितलं. शाळेत कॉपी पकडताना त्या अशाच बघत असतील. "मी त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवलाय, वेळेसकट. आणि तुमचं तिकीट किती वाजता निघालं, ते ग्रुपवर आहे. थांबा, दाखवते तुम्हाला."

त्यांचा हात पर्सकडे गेला. मी पुढं झाले आणि नातीला त्यांच्या दोन्ही हातांत दिलं. "धरा की. आल्यापासनं घेतलीच न्हाई तुमी. मान सांभाळा, दोन्ही हात लावा."